कागदावरचा थेंब, खान्देशचे ऊन

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांकडे झेपावला, की घरोघरी दूध नासण्याची धास्ती असते. मला मात्र आणखी एका नासाडीची चिंता वाटते : तपासणीला निघालेल्या रक्तातल्या औषधाची.

औषध अंगी पुरेसे लागते आहे का, हे पाहण्यासाठी रक्तातला प्लाझ्मा वेगळा काढून गोठवतात. क्षयावरचे रिफाम्पिसिन त्यात टिकत नाही; म्हणून प्रयोगशाळा त्यात ‘क’ जीवनसत्त्व मिसळतात. पण चोपडा-शिरपूरकडच्या सातपुड्यातल्या पाड्यावरून धुळ्यापर्यंत बर्फ टिकवायचा कसा?

अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट गथ्री यांनी १९६३ साली नवजात बाळांच्या तपासणीसाठी सोपी वाट दाखवली. टाचेतला रक्ताचा थेंब जाड टिपकागदावर वाळवायचा! पाणी उडाले, की विघटन घडवणारी विकरे बहुतांशी थंडावतात.

मात्र वाळले म्हणजे टिकले, असे नव्हे. ऊन, उजेड, दमटपणा हे वैरी आहेतच. म्हणून ठरावीक औषध मिसळलेले ठिपके थंडीत, खोलीत आणि ४० अंशांवर ठेवून काही दिवसांनी मोजतात. फरक साधारण १५ टक्क्यांच्या आत हवा.

आपल्याकडे आणखी एक मेख आहे. सातपुड्यातल्या आदिवासींमध्ये सिकलसेल आढळतो, रक्तक्षयही. असे पातळ रक्त कागदावर अधिक पसरते. तेवढ्याच आकाराच्या टिकलीत रक्त कमी येते आणि औषधही कमी भासते. डॉक्टरांनी त्यावरून मात्रा वाढवली तर?

म्हणून वाटते, ही पद्धत खान्देशच्या उन्हात आणि खान्देशच्याच रक्तावर पारखून घ्यावी. पाड्यावरच्या माणसालाही अचूक उत्तराचा हक्क आहे.