विद्यापीठांचा फुटबॉल आणि दूरचित्रवाणीचा पैसा

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ऑरेगन राज्यात कॉर्वॅलिस आणि युजीन ही दोन गावे एकमेकांपासून साठ-पासष्ट किलोमीटरांवर आहेत. कॉर्वॅलिसला ऑरेगन स्टेट विद्यापीठ आहे, युजीनला ऑरेगन विद्यापीठ. दोन्ही सरकारी, दोन्हींमध्ये एकाच राज्यातील मुले शिकणारी. एकाच घरातील एक भाऊ इथे आणि दुसरा तिथे, असेही तेथे नवल नाही. या दोघांमधील फुटबॉलच्या सामन्यांची परंपरा १८९४ पासूनची. २०२२ च्या हंगामात कॉर्वॅलिसच्या संघाने दहा सामने जिंकले आणि युजीनच्या संघालाही हरवले. पुढे अवघ्या आठ-नऊ महिन्यांनी, ४ ऑगस्ट २०२३ रोजी, हरलेले विद्यापीठ अधिक श्रीमंत मंडळात दाखल झाल्याचे जाहीर झाले. जिंकलेल्याला कोणी विचारले नाही. खेळात हरणे समजते. खेळात जिंकूनही असे मागे पडावे लागते, तेव्हा निकाल मैदानाबाहेर कोठेतरी लागत असला पाहिजे.

हा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे, हे सांगावयास हवे. लांबट चेंडू हातात घेऊन, चिलखतासारखा पेहराव करून खेळला जाणारा हा अमेरिकन खेळ विद्यापीठांतूनच वाढला. आपल्याकडे आंतरविद्यापीठीय सामन्याला शे-दोनशे प्रेक्षक जमले तरी आयोजकांना धन्य वाटते; मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडागारात एक लाख सात हजारांवर माणसे बसतात. कित्येक राज्यांत सरकारी नोकरांपैकी सर्वाधिक वेतन राज्यपालाला नव्हे, कुलगुरूलाही नव्हे, तर फुटबॉलच्या वा बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाला मिळते.

आसपासच्या राज्यांतील आठ-दहा विद्यापीठे एकत्र येऊन आपसांत सामने खेळत. अशा गटाला तेथे ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. आपण त्याला मंडळ म्हणू. आगगाडीने एका रात्रीत जाता येईल एवढ्या टापूतील ही सोयरीक होती. मध्य-पश्चिमेचे ‘बिग टेन’ १८९६ चे, पॅसिफिक किनाऱ्यावरचे मंडळ १९१५ चे. आज बिग टेनमध्ये दहा नव्हे, अठरा विद्यापीठे आहेत, ‘बिग ट्वेल्व्ह’मध्ये सोळा, आणि ‘अटलांटिक कोस्ट’ नावाच्या मंडळात पॅसिफिक किनाऱ्यावरील स्टॅनफर्ड व बर्कली येथील विद्यापीठे बसली आहेत. ही मंडळे चालविणाऱ्या संस्था गणित आणि भूगोल या दोन्ही विषयांच्या पदव्या देतात, हे विशेष.

हे घडले कसे? याचे मूळ १९८४ च्या एका निकालात आहे. तोपर्यंत कोणत्या संघाचे किती सामने दूरचित्रवाणीवर दिसावेत, हे विद्यापीठांची राष्ट्रीय क्रीडा संघटना ठरवीत असे. घरबसल्या सामने दिसू लागले तर मैदाने ओस पडतील, ही तिची भीती. ओक्लाहोमा व जॉर्जिया या बलिष्ठ विद्यापीठांना हे बंधन जाचू लागले; ती न्यायालयात गेली, आणि सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी संघटनेची ही मक्तेदारी बेकायदेशीर ठरविली. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः एकेकाळचे नामांकित फुटबॉलपटू होते. विद्यापीठीय खेळाकडे निव्वळ नफ्याचा व्यापार म्हणून पाहणे चूक आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. कायद्याच्या दृष्टीने बहुमत बरोबर असेलही. पण त्या दिवसापासून सामना ही विकण्याची वस्तू झाली, आणि कोणी कोणाशी खेळावे हा प्रश्न ती विकत घेणाऱ्याच्या हाती गेला.

पुढची पायरी केबलची. २००७ मध्ये बिग टेनने स्वतःची वाहिनी काढली. मंडळाच्या टापूतील प्रत्येक केबलधारक घराकडून, ते सामने पाहो वा न पाहो, दरमहा काही सेंट वसूल होत. साहजिकच टापू जितका मोठा तितकी वसुली मोठी. २०१४ मध्ये मेरिलंड आणि रटगर्स यांना मंडळात घेतले गेले, ते त्यांच्या खेळाडूंच्या पराक्रमामुळे नव्हे. एकाच्या शेजारी वॉशिंग्टन शहर होते आणि दुसऱ्याच्या शेजारी न्यूयॉर्क. पुढे लोक केबल तोडू लागले, तेव्हा हिशेब बदलला. आता देशभर पाहिला जाईल असा बड्या नावांचा सामना हवा. म्हणून २०२२ मध्ये लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठे उचलली गेली, आणि दोनच महिन्यांत बिग टेनने तीन वाहिन्यांशी सात वर्षांचा, ७०० कोटी डॉलरांहून अधिक रकमेचा करार केला. टेक्सस आणि ओक्लाहोमा यांनी आग्नेयेकडील मंडळाची वाट त्याआधीच, २०२१ मध्ये, धरली होती.

पॅसिफिकच्या मंडळाला मात्र मनाजोगे गिऱ्हाईक मिळेना. अॅपल कंपनीचा देकार आला, तो वर्गणीदारांच्या संख्येवर अवलंबून. निश्चित रक्कम अपुरी. ४ ऑगस्टच्या त्या एका दिवसात पाच विद्यापीठे निघून गेली आणि एका शतकाहून जुने मंडळ कोसळले. उरली ती कॉर्वॅलिसचे ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. दोघांनी न्यायालयात झगडून मंडळाची मालमत्ता राखली आणि नव्या सभासदांनिशी ते पुन्हा उभारावयास घेतले, हा भाग कौतुकाचा. बाकीच्यांची धडपड पाहण्यासारखी आहे. डल्लासच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने अटलांटिक मंडळात प्रवेश मिळावा म्हणून नऊ वर्षे दूरचित्रवाणीच्या उत्पन्नातील वाटा सोडून दिला. लॉस एंजेलिसचे सरकारी विद्यापीठ निघून गेल्याने त्याच्याच सख्ख्या बहिणीचे, बर्कलीचे, नुकसान झाले. तेव्हा वर्षाला एक कोटी डॉलर बर्कलीला द्यावेत, असे दोघींच्या सामायिक नियामक मंडळाने २०२४ मध्ये ठरविले. विभक्त कुटुंबातील पोटगीचीच ही तऱ्हा.

या सर्वांत अन्याय कोणावर झाला, याचा विचार करताना फुटबॉलच्या खेळाडूंकडे प्रथम लक्ष जाते. लॉस एंजेलिसहून रटगर्सला जाणे म्हणजे जवळपास चार हजार किलोमीटरांचा प्रवास. आपल्या देशाची दक्षिणोत्तर लांबीही यापेक्षा कमी आहे. पण फुटबॉलचा संघ आठवड्यातून एकदाच, बहुधा शनिवारी, खेळतो आणि खास विमानाने जातो. खरे हाल होतात ते व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, टेनिस खेळणाऱ्या मुलामुलींचे. त्यांचे सामने मधल्या वारीही असतात. त्यांच्यामुळे कोणतीही वाहिनी श्रीमंत होत नाही. आणि ज्यांचा या सौद्याशी काडीचा संबंध नाही, त्यांचेच तास बुडतात.

जुनी व्यवस्था सोवळी होती, असे मात्र कोणी समजू नये. हौशी खेळाच्या नावाखाली खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे काही द्यावयाचे नाही आणि प्रशिक्षकांना लक्षावधी डॉलर द्यावयाचे, हा तिचा दंडक होता. खेळाडूला कामगार मानावे लागू नये म्हणून ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द ज्यांनी रूढ केला, त्या वॉल्टर बायर्स यांनी संघटनेचा कारभार तीन तपांहून अधिक काळ हाकला आणि निवृत्तीनंतर १९९५ मध्ये पुस्तक लिहून त्याच व्यवस्थेवर कोरडे ओढले. अखेर २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार आजी-माजी खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलर मिळावयाचे आहेत, आणि प्रत्येक विद्यापीठाला पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरांपर्यंत रक्कम खेळाडूंना थेट देता येते. हे न्याय्यच झाले. पण हा नवा खर्च भागविण्यासाठी आणखी मोठा करार हवा, आणि त्यासाठी आणखी दूरचा सोबती हवा, असे हे चक्र आहे.

यातून बाहेर पडता येते का? एका विद्यापीठाने ते करून दाखविले आहे. बिग टेनच्या संस्थापकांपैकी एक शिकागो विद्यापीठ. त्याचे प्रमुख रॉबर्ट हचिन्स यांनी १९३९ मध्ये फुटबॉलचा संघच बंद केला. १९४२ च्या डिसेंबरात त्या ओस पडलेल्या क्रीडागाराच्या बैठकींखाली अणूची पहिली नियंत्रित साखळी प्रक्रिया घडविली गेली. शिकागोची प्रतिष्ठा यामुळे तिळमात्र उणावली नाही. तथापि असा त्याग सर्वांकडून अपेक्षिणे व्यवहाराला धरून होणार नाही. ज्या गावाचा सारा शनिवार त्या मैदानावर जातो, तेथील लोक हचिन्सना क्षमा करणार नाहीत.

त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे फुटबॉलला इतर खेळांपासून वेगळे काढणे. तो उघडपणे व्यवसाय म्हणून चालू द्यावा, त्याचे करार त्याने करावेत, आणि बाकीचे खेळ पुन्हा जवळच्या टापूतील मंडळांकडे सोपवावेत. हे अशक्य नाही. नोत्र दाम विद्यापीठाचा फुटबॉल संघ कोणत्याही मंडळात नाही, तर त्याचे बहुतेक इतर संघ अटलांटिक मंडळात खेळतात. फुटबॉलचे उत्पन्न शिक्षणकार्याच्या छत्राखाली राहिल्याने मिळणाऱ्या सवलतींची मग उघड चर्चा करावी लागेल, आणि बहुधा हीच अडचण असावी.

पैशाने शेजार मोडला तसा क्वचित जोडलाही, हे नमूद केले पाहिजे. टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम यांचा २०११ नंतर बंद पडलेला सामना दोघेही एकाच श्रीमंत मंडळात आल्याने २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाला. ऑरेगनमध्ये तसे घडले नाही. तेथील सामना बहुधा हंगामाच्या शेवटी, नोव्हेंबरच्या थंडीत होत असे. २०२४ मध्ये तो १४ सप्टेंबरला, हंगामाच्या सुरुवातीच्या एका मोकळ्या शनिवारी, उरकण्यात आला.