आधी कोणी बोलायचं?

सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात प्रमोद झिंजाडे नावाचे एक कार्यकर्ते आहेत. महात्मा फुले समाजसेवा मंडळ ही त्यांची संस्था. करोनाच्या पहिल्या लाटेत त्यांचा एक सहकारी हृदयविकाराच्या झटक्याने गेला. अंत्यविधीच्या वेळी त्याच्या पत्नीच्या बांगड्या फोडल्या, मंगळसूत्र काढलं, कुंकू पुसलं. नवरा गेल्याचं दुःख होतंच, त्यात ही भर. झिंजाडे पाहत होते. पुढे त्यांनी एक अजब काम केलं. स्टॅम्पपेपर घेतला आणि त्यावर लिहून दिलं की, माझ्या मृत्यूनंतर माझ्या पत्नीवर या प्रथांची सक्ती करू नये.

स्टॅम्पपेपर आपण घरभाड्याच्या कराराला वापरतो, उसनवारीला वापरतो. धडधाकट माणसाने त्यावर बायकोच्या बांगड्यांची तजवीज करावी, हे ऐकून पहिल्यांदा हसूच येईल. पण माणसं गर्दीत गप्प का बसतात, याचा अर्ध्या शतकाहून अधिक काळ जो अभ्यास झाला आहे, तो समजून घेतला की त्या कागदातली हुशारी बघून थक्क व्हायला होतं.

सुरुवात १९६८ सालच्या एका प्रयोगापासून करू. जॉन डार्ली आणि बिब लाटाने या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजातल्या मुलांना वेगवेगळ्या खोल्यांत एकेकटं बसवलं. एकमेकांशी बोलायचं ते फक्त माईकवरून. बोलता बोलता एकाला फिट येते, त्याचे शब्द तुटू लागतात, तो मदत मागतो. खरं तर तो आवाज आधीच ध्वनिमुद्रित केलेला होता. हे ऐकणारा आपण एकटाच, असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले ८५ टक्के फिट संपायच्या आत उठून मदतीसाठी बाहेर आले. आणखी चारजण ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले फक्त ३१ टक्के.

जे उठले नाहीत ते निर्दय होते का? मुळीच नाही. संशोधक आत गेले तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांचे हात थरथरत होते, तळवे घामेजले होते. ‘तो बरा आहे ना?’ हाच त्यांचा पहिला प्रश्न होता. म्हणजे आत कालवाकालव चाललेली आणि पाय मात्र जमिनीला खिळलेले! ‘लोकांना माणुसकीच राहिली नाही’ हे आपलं ठेवणीतलं वाक्य इथे फसतं. माणुसकी जागच्या जागी होती. अडलं होतं ते ‘मीच का उठू?’ या प्रश्नापाशी.

याच जोडीने दुसरा प्रयोग केला. माणूस फॉर्म भरत बसला आहे आणि भिंतीतून खोलीत धूर यायला लागतो. तो एकटा असेल तर चारांतले तीनजण उठून सांगायला जातात. शेजारी दोन सांगून बसवलेली माणसं ढिम्म बसून राहिली, तर दहांतला एकच उठतो. बाकीचे डोळे चोळत, धूर हाताने वारत फॉर्म भरत राहतात. शेजारचा शांत आहे, म्हणजे काही विशेष नसणार. शेजारच्याच्या मनातही नेमकं हेच चाललेलं असू शकतं, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

आणि तिसरा प्रयोग तर आपल्या चाळीत, वाड्यात, गल्लीत रोज चालतो. १९७६ साली शॉटलंड आणि स्ट्रॉ या संशोधकांनी एका पुरुषाने बाईवर हात टाकल्याचं नाटक लोकांसमोर घडवलं. ती ‘मी तुला ओळखत नाही’ असं ओरडली, तेव्हा ६५ टक्के लोक मध्ये पडले. ‘तुझ्याशी लग्न का केलं कोण जाणे’ असं ओरडली, तेव्हा १९ टक्के. मार तोच, किंकाळी तीच. एका वाक्याने तो ‘घरचा मामला’ झाला आणि दारं बंद झाली.

इथवर वाचून निराश व्हायला होईल. पण पुढचं ऐका. २०१९ साली रिचर्ड फिल्पॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळा सोडून खऱ्या रस्त्यांकडे पाहिलं. इंग्लंडमधलं लँकेस्टर, नेदरलँड्समधलं ॲमस्टरडॅम आणि दक्षिण आफ्रिकेतलं केपटाउन या तीन शहरांतल्या सीसीटीव्हीत टिपलेली २१९ भांडणं त्यांनी तपासली. दहांपैकी नऊ भांडणांत कोणी ना कोणी मध्ये पडलेलं होतं. आजूबाजूला माणसं जितकी जास्त, तितकी कोणीतरी पुढे होण्याची शक्यताही जास्त! भांडण उघड असेल, चूक कोणाची ते दिसत असेल, तर गर्दी थंड राहत नाही. कोणी खांद्यावर हात ठेवतं, कोणी दोघांच्या मध्ये उभं राहतं, कोणी एकाला बाजूला ओढून नेतं.

म्हणजे गर्दीला दोनच गोष्टी हव्या असतात: जे चाललं आहे ते चूक आहे याची खूण, आणि ‘आता मी नेमकं काय करू’ याचं उत्तर. सोलापूरकरांना गर्दीचं हे रूप परकं नाही. भोगीच्या दिवशी सिद्धेश्वर यात्रेत संमती कट्ट्याजवळ नंदीध्वज येतात, संमतीचं वाचन होतं आणि हजारो हातांतून एकाच क्षणी अक्षता पडतात. तिथे कोणी शेजारच्याचं तोंड बघत थांबत नाही, कारण आपलं काम कोणतं आणि ते कधी करायचं, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. हिंसा रोखायला शिकवणारी माणसं गर्दीला नेमकं हेच देऊ पाहतात.

हे शिकवणं पुरुषांपासून सुरू झालं, हे त्यातलं आणखी एक नवल. १९९१ साली पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी वर्तमानपत्रात एक जाहिरात दिली. बायकोला मारणं चूक आहे असं मानणारे आणि त्यासाठी काही करू इच्छिणारे पुरुष हवेत, असा तिचा आशय. दोनशेहून अधिक पुरुषांनी उत्तर दिलं. त्यातून १९९३ साली मुंबईत ‘मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज’ ही संस्था उभी राहिली. महाराष्ट्रात ती ‘मावा’ या छोट्या नावाने ओळखली जाते आणि हरीश सदानी हे तिचं काम दीर्घकाळ पुढे नेत आहेत. २००६ पासून ‘युवा मैत्री’ उपक्रमातून पुण्याच्या कॉलेजांतली मुलं हे शिकू लागली आणि आपल्याच वयाच्या मुलांना सांगू लागली. योगायोग असा की, त्याच १९९३ साली तिकडे बोस्टनमध्ये जॅक्सन कॅट्झ यांनीही खेळाडू मुलांसाठी असाच एक अभ्यासक्रम सुरू केला.

या पद्धतीची खुबी पहिल्या प्रश्नातच आहे. ‘तू मुलींना त्रास देतोस का?’ असं विचारलं की मुलगा कान बंद करतो. ‘तुझा मित्र एखाद्या मुलीच्या मागे लागलाय, ती घाबरली आहे, तू शेजारी उभा आहेस, काय करशील?’ असं विचारलं की तोच मुलगा पुढे सरकून बसतो. त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलेलं नसतं. त्याच्याकडून मदत मागितलेली असते.

मग येतो सराव. समजा, सोलापूरहून सुटलेल्या भरगच्च एसटीत एक माणूस शाळकरी मुलीला मुद्दाम खेटून उभा आहे. शिकवणारे अशा वेळच्या पाच वाटा सांगतात. पहिली, लक्ष वळवणं. त्या माणसाकडे बघायचंच नाही. मुलीला म्हणायचं, ‘अगं, तू पाटलांच्या शेजारची ना? ये की, हिकडं बस.’ ओळख नसली तरी चालते, तिला निघायला जागा मिळते. दुसरी, काम सोपवणं. कंडक्टरला सांगायचं किंवा बोट दाखवून म्हणायचं, ‘ओ निळ्या शर्टवाले दादा, तुम्ही ११२ ला फोन लावा.’ ‘अरे, कोणीतरी फोन करा’ म्हटलं की जबाबदारी सगळ्यांत विरून जाते, हे डार्ली-लाटाने यांनी दाखवलंच आहे. निळा शर्ट म्हटलं की जबाबदारीला नाव मिळतं. तिसरी, नोंद ठेवणं: वेळ, जागा, गाडीचा नंबर. चित्रण केलं तर ते त्या मुलीच्या हवाली करायचं, गावाच्या ग्रुपवर टाकायचं नाही. चौथी, मागाहून विचारपूस. ‘बरी आहेस ना? घरापर्यंत येऊ का सोबत?’ त्या क्षणी आपल्याला काही सुचलं नाही तरी ही वाट उघडीच असते. पाचवी, थेट हटकणं: ‘काका, मागं सरका.’ ती शेवटी ठेवली आहे, कारण त्यात धोका असतो. आधी स्वतःच्या जिवाचा अंदाज घ्यायचा.

हे वर्गात करून घेतात, तेव्हा पहिल्यांदा आवाज फुटत नाही. ‘मागं सरका’ हे दोन शब्द खोट्या प्रसंगातही घशात अडकतात. म्हणून ते पुन्हा पुन्हा बोलून घेतात. वाक्य जिभेवर रुळलेलं असेल, तरच खऱ्या वेळी बाहेर येतं.

याने फरक पडतो का? अमेरिकेतल्या केंटकी राज्यात २६ शाळांत ‘ग्रीन डॉट’ नावाच्या कार्यक्रमाची काही वर्षं परीक्षा घेतली. तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत प्रशिक्षण झालेल्या शाळांत लैंगिक हिंसा इतर शाळांच्या तुलनेत कमी झाली. मुंबईत क्रिकेटच्या प्रशिक्षकांना हाताशी धरून असाच प्रयत्न झाला. ४६ शाळांतल्या मुलांच्या त्या अभ्यासात मुलींबद्दलची मतं सुधारली, पण ‘मी मध्ये पडेन’ म्हणणाऱ्यांत म्हणावा तसा बदल दिसला नाही. मत बदलणं आणि पाय उचलणं यांत बरंच अंतर आहे.

झिंजाडे यांचा कागद नेमका या अंतरात काम करतो. अंत्यविधीला जमलेल्यांपैकी कितीतरी जणांना ते दृश्य बघवत नसेल. पण थांबवणाऱ्यालाच जाब द्यावा लागतो: तू कोण सांगणारा? रीत मोडायचा अधिकार तुला कोणी दिला? म्हणून सगळे धुराच्या खोलीतल्यासारखे एकमेकांकडे बघत राहतात. आता गेलेल्या माणसाचीच लेखी इच्छा समोर असेल, तर जाब द्यायची पाळी बांगडी फोडायला उठलेल्या हातावर येते. झिंजाडे यांच्या या घोषणेला दोन डझनांहून अधिक पुरुषांनी पाठिंबा दिला. या प्रथेबद्दल त्यांनी लिहिल्यावर अनेक विधवांनीही प्रतिसाद दिला होता.

मग एक अख्खं गावच पुढे आलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष होतं. दोन आठवड्यांच्या आत राज्य सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ग्रामपंचायतीच्या ठरावाने कोणाला तुरुंगात टाकता येत नाही. पण ‘गावात हे चालत नाही’ असं म्हणायला आता एकट्याचं धाडस लागत नाही, ठरावाकडे बोट दाखवलं की पुरतं. एका माणसाला सुचलेली युक्ती सगळ्या गावाने शिकून घेतली, ती अशी.

सोलापूर जिल्ह्यात ही युक्ती लागू करायला आणखी एक मोठी जागा आहे, ती म्हणजे लग्नाचा मांडव. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे ४० टक्के बायकांचं लग्न अठराव्या वर्षाआधी झाल्याचं आढळलं. एकेका बालविवाहाला किती साक्षीदार असतात, ते मोजून बघा. पत्रिका छापणारा, मंडपवाला, आचारी, बँडवाला, फोटोग्राफर, भटजी, शिवाय अक्षता टाकणारे शेकडो पाहुणे. वर्गातली मुलगी आठवडाभर आली नाही हे लक्षात आलेल्या बाईही त्यात आल्या. प्रत्येकाला वाटतं, दुसरं कोणी बोलेल. २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा मात्र या सगळ्यांना नुसते बघे मानत नाही. लग्न लावणारा गुन्हेगार आहेच, असं लग्न घडू देणारा आणि त्याला हजर राहणाराही त्या कायद्याच्या कक्षेत येतो. गावातला ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, अंगणवाडी सेविका त्याची मदतनीस. १०९८ वर फोन केला तर नाव गुप्त राहतं.

एवढं असूनही फोन करणाऱ्याला भाऊबंदकीची भीती वाटते आणि ती खोटी नाही. म्हणून इथेही एकट्या शूराची वाट बघण्यात अर्थ नाही, रीतच बदलायला हवी. ‘मुलीचा जन्मदाखला दाखवल्याशिवाय पत्रिका छापून मिळणार नाही’ अशी पाटी गावातल्या सगळ्या छापखान्यांत लागली, तर कोणा एका छापखानेवाल्यावर वाईटपणा येत नाही. मंडपवाले आणि आचारी यांनी आपापल्या संघटनेत तेच ठरवलं, तर त्यांचंही गिऱ्हाईक तुटत नाही. आणि गोत्र विचारतात तितक्याच सहजपणे भटजींनी वय विचारायला सुरुवात केली, तर जाब द्यायची वेळ मुलीच्या बापावर येईल, विचारणाऱ्यावर नाही.