पेठांचा हंगाम : कोल्हापूरचं शाहू स्टेडियम

मलकापूरहून सुटलेली एसटी बांबवडे मागे टाकून पंचगंगेवरच्या पुलावरून कोल्हापुरात शिरते. शाहूवाडी तालुक्यातला माणूस एरवी बाजार, दवाखाना किंवा कोर्टकचेरीसाठी या वाटेनं येतो. दिवाळी सरली की फुटबॉलच्या वेडानं येणारेही त्यात मिसळतात. त्यांची पावलं मंगळवार पेठेकडे, राजर्षी शाहू स्टेडियमकडे वळतात.

जागाही मोठ्या वस्तीची. शेजारी रावणेश्वराचं मंदिर. जवळच हत्तींच्या झुंजींसाठी शाहू महाराजांच्या काळात गाजलेली साठमारी. थोडं पुढे 1912 साली उभं राहिलेलं खासबाग कुस्ती मैदान. खेळ पाहायला हजारोंनी जमायची सवय या परिसराला फुटबॉलच्या आधीपासूनची आहे.

जगात अनेक ठिकाणी फुटबॉल कॉलेजच्या आवारात वाढला. अमेरिकेतला पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना 6 नोव्हेंबर 1869 रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला. एका बाजूला 25 खेळाडू! चेंडू उचलून पळायला मनाई होती, त्यामुळे तो खेळ आजच्या अमेरिकन फुटबॉलपेक्षा आपल्या फुटबॉलला जवळचा. रटगर्सच्या काही पोरांनी ओळख पटावी म्हणून डोक्याला लाल कापड गुंडाळलं होतं. कोल्हापूरकराला ते फेट्यासारखंच वाटेल. रटगर्सनं 6-4 असा विजय मिळवला, आठवड्यानं प्रिन्स्टननं 8-0 अशी परतफेड केली, तिसरा सामना झालाच नाही. दोन सामन्यांत अख्खा हंगाम आटोपला.

कोल्हापुरात असा हंगाम कुणी खपवून घेणार नाही. इथला फुटबॉल कॉलेजपेक्षा तालमीनं धरून ठेवला, आणि या मैदानाचं खरं वैभव तेच आहे. लाल मातीच्या हौद्याभोवती जमणाऱ्या पोरांनी चेंडूही आपला मानला. म्हणून संघांची नावं पाहा : पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. सोबत शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ. गणेशोत्सव आणि शिवजयंती ज्या मंडळाची, फुटबॉलचा संघही त्याच मंडळाचा. पाटाकडील हरली तर तिच्या गल्लीत त्या रात्री दुसऱ्या विषयावर बोलणं होत नाही.

कारभार कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या 'केएसए'कडे. छत्रपती घराण्याचा तिला आजही आधार आहे. आधी खेळाडूंची नोंदणी होते. कोण कुठल्या मंडळाकडे गेला, याची चर्चा चहाच्या गाड्यांवर रंगते. मग वरिष्ठ गटातल्या 16 संघांची शाहू छत्रपती लीग सुरू होते. लीग संपली की वेगवेगळ्या चषकांच्या बाद फेरीच्या स्पर्धा. इथे बरोबरी सुटली नाही की टायब्रेकर, आणि स्टेडियममधला एकही माणूस खाली बसत नाही. काही संघांकडून आफ्रिकी खेळाडूही उतरतात, आणि पेठ त्यांना बघता बघता आपलं करून टाकते.

या प्रेमाला एक गालबोट आहे. समर्थकांची हुल्लडबाजी, दगडफेक, त्यापायी थांबलेले सामने आणि वाढवावा लागणारा पोलिस बंदोबस्त. लहान मुलांना घेऊन सामना पाहायला येणाऱ्या घरांचं यात सर्वाधिक नुकसान होतं. मंडळांनी आपल्या पोरांना आवरायलाच हवं.

कारण याच शहरानं अनिकेत जाधव दिला. 2017 मध्ये भारतात झालेल्या 17 वर्षांखालील विश्वचषकात तो भारतीय संघातून खेळला. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला हा मुलगा मूळचा कोल्हापूरचा. शाहूवाडीच्या वाड्यावस्त्यांवर कबड्डी आणि कुस्ती जोमात असते; काटक पोरांची तिथे वाण नाही. पेठांच्या संघांनी नोंदणीच्या वेळी घाटाकडच्या शाळा-कॉलेजांतूनही एक चक्कर मारायला हरकत नाही.

पहिल्यांदा येणाऱ्यानं लीगमधला पाटाकडील-दिलबहार किंवा शिवाजी-खंडोबा सामना गाठावा आणि सुरू होण्याच्या बऱ्याच आधी गॅलरीत जागा धरावी. मे महिन्यात वळवाची सर आली की मैदानाचा चिखल होतो, त्यामुळे चषकांचे अंतिम सामने पावसाच्या आधी उरकण्याची आयोजकांची घाई सुरू असते.