विंडोज ११ वरून परत विंडोज १० वर कसं जायचं? तेही सॉफ्टवेअर न गमावता!

२०२५ च्या गणपतीआधीची गोष्ट. डिलाईल रोडला माझ्या काकांचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं अशी कामं चालतात. एके संध्याकाळी त्यांचा फोन आला, "अरे, कॉम्प्युटरने विंडोज ११ टाकू का विचारलं, मी हो म्हटलं. आता मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडतच नाही. दुकानातला पोरगा म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल."

मी म्हटलं, "काका, थांबा! फॉरमॅट अजिबात करू नका. किती दिवस झाले?"

"आठ."

आठ म्हणजे वाचलो. ते सॉफ्टवेअर खूप जुनं, त्याची सीडी कधीच हरवलेली. फॉरमॅट मारला असता तर मंडळांच्या सगळ्या फाईल्स असूनही उघडता आल्या नसत्या.

हे १० दिवसांचं काय प्रकरण आहे?

अपग्रेड करताना जुनी विंडोज लगेच पुसली जात नाही. ती सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली जाते. जुने प्रोग्रॅम आणि त्यांची सेटिंग्जही त्यासोबत जपली जातात. म्हणूनच परत गेल्यावर जुनी सॉफ्टवेअर जशीच्या तशी मिळतात. पण हा फोल्डर बरेच जीबी खातो, त्यामुळे १० दिवसांनी विंडोज तो स्वतःच उडवते. २०१५ मध्ये विंडोज १० आली तेव्हा ही मुदत ३० दिवस होती.

परत कसं जायचं?

१. आधी महत्त्वाच्या फाईल्स पेन ड्राइव्हवर घ्या. फाईल्स सहसा जात नाहीत, पण रिस्क कशाला?
२. जुन्या विंडोजचा पासवर्ड आठवतोय ना, ते बघा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावा.
३. सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी असं जा आणि 'गो बॅक' दाबा.
४. कारण विचारेल, अपडेट तपासू का म्हणेल. 'नो थँक्स' म्हणून पुढे जा.

काकांच्या पीसीला पाऊण तास लागला. मध्येच बंद करू नका!

हे लक्षात ठेवा

- अपग्रेडनंतर टाकलेली सॉफ्टवेअर आणि बदललेली सेटिंग्ज जातात. ती परत करावी लागतात.
- जागा कमी पडली म्हणून डिस्क क्लीनअपमधून 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' उडवलंत, तर परतीचा रस्ता बंद.
- ठरवायला वेळ हवा असेल तर १० दिवसांच्या आतच 'डिझम' कमांडने मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते.
- मुदत संपली असेल तर विंडोज १० नव्याने टाकावी लागते. त्यात सॉफ्टवेअर राहत नाहीत. अपग्रेडआधी पूर्ण ड्राइव्हची इमेज घेतली असेल, तरच सुटका.

मोबाईलमध्ये असं होतं का?

नाही. अँड्रॉइडवर जुनं व्हर्जन टाकायला बहुतेक वेळा बूटलोडर अनलॉक करावा लागतो आणि तसं करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. 'गो बॅक'सारखं बटण तिथे नसतं. म्हणून मोठा अपडेट करण्याआधी बॅकअप घ्याच.

मग विंडोज १० वरच राहायचं का?

इथे खरी अडचण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. ईएसयू योजनेत नोंदणी केली नसेल, तर नवे सुरक्षा अपडेट मिळत नाहीत. अशा पीसीवर नेट बँकिंग करणं धोक्याचं.

आम्ही मधला मार्ग काढला. काकांच्या जुन्या पीसीची इंटरनेटची वायरच काढली. तो फक्त टायपिंगला. जुन्या फाईल्स हळूहळू युनिकोडमध्ये बदलतोय. मेल आणि पैशांचे व्यवहार दुसऱ्या लॅपटॉपवर. आणि हो, त्या वर्षीची पावतीपुस्तकं वेळेत छापून झाली!

तुमच्या घरात किंवा ओळखीत असं जुनं सॉफ्टवेअर वापरणारं कोणी असेल, तर 'अपग्रेड' दाबण्याआधी एकच प्रश्न विचारायला सांगा: माझं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालतं का?