समोर जगज्जेता, आता पहिली चाल कोणती?

तुमच्यापेक्षा दोनशे रेटिंग गुणांनी वरचढ गडी समोर आला, तर एलोच्या गणिताप्रमाणे चार डावांत साधारण तीन गुण त्याचे आणि एक तुमचा. तो एक गुण पदरात पाडून घ्यायला भल्याभल्यांनी काय काय उचापती केल्यात!

१९८०, स्वीडनमधलं स्कारा. युरोपियन सांघिक स्पर्धेत जगज्जेत्या अनातोली कार्पोवने राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. इंग्लंडच्या टोनी माइल्सने उत्तर दिलं ते वजिराच्या बाजूच्या पार कडेच्या प्याद्याने, तेही एकच घर! कार्पोवने दुसरं प्यादं मध्यावर आणलं, तर माइल्सने कडेच्या शेजारचं प्यादं दोन घरं पुढे ढकललं. प्रेक्षकांत खसखस पिकली. क्लासमध्ये असं खेळलात तर सर पट आवरायला सांगतील. पण माइल्सने तिसऱ्या चालीला उंट लांब कर्णावर आणून बसवला आणि कार्पोवचं सगळं पाठांतर तिथेच निरुपयोगी ठरलं. ४६ चालींत जगज्जेता हरला.

म्हणजे धक्का दिला की काम फत्ते? छे! १९५५ च्या गॉथेनबर्ग स्पर्धेतल्या एका फेरीत तीन अर्जेंटिनी खेळाडूंची गाठ तीन सोव्हिएत दिग्गजांशी पडली. नायडॉर्फ, पान्नो आणि पिल्निक यांनी घरूनच एक बेत शिजवून आणला होता. तिघांच्याही पटावर सिसिलियनचा तोच प्रकार आणि नवव्या चालीला राजाच्या बाजूच्या घोड्याच्या प्याद्याची तीच दोन घरांची उडी. पान्नोसमोरच्या गेलरने घोड्याचा बळी दिला आणि काळा राजा उघड्यावर आणला. केरेस आणि स्पास्की यांनीही आपापल्या पटावर तोच मार्ग धरला. तिन्ही अर्जेंटिनी हरले! त्यातही गंमत म्हणजे सिसिलियनच्या या शाखेचं नावच ‘नायडॉर्फ’. एकच गुपित तिघांनी एकाच दिवशी वापरणं हा शुद्ध आगाऊपणा, दुसरं काय?

उलट व्लादिमिर क्रामनिकने २००० साली लंडनमध्ये कास्पारोवला कंटाळवून मारलं. त्याने बर्लिन बचाव काढला. त्यात आठव्या चालीलाच दोन्ही वजीर पटाबाहेर जातात आणि काळ्याला किल्लेकोटही करता येत नाही. बघणाऱ्याला जांभया येतात, पण हल्ल्यावर जगणाऱ्या कास्पारोवचं हत्यारच त्याने काढून घेतलं. या बचावातले चारही डाव बरोबरीत सुटले, अख्ख्या लढतीत कास्पारोवला एकही विजय मिळाला नाही आणि जगज्जेतेपद साडेआठ–साडेसहाने गेलं.

त्याआधी १९९७ मध्ये डीप ब्लू संगणकाविरुद्धच्या अखेरच्या डावात कास्पारोव आपलं हुकमी सिसिलियन सोडून कारो-कानकडे वळला होता. सातव्या चालीला एक प्यादं चुकीच्या वेळी सरकलं, यंत्राने घोडा दिला आणि १९ चालींत खेळ खल्लास.

आपल्या विश्वनाथन आनंदने २००८ मध्ये बॉनला क्रामनिकविरुद्ध वेगळीच शक्कल लढवली. जन्मभर राजापुढचं प्यादं खेळणारा आनंद वजिरापुढचं प्यादं सरकवू लागला. पण खरी मेजवानी काळ्या मोहऱ्यांनी! मेरान बचावातली एकच धारदार शाखा त्याने तिसऱ्या आणि पाचव्या डावात खेळली आणि दोन्ही डाव जिंकले. एकदा पोळल्यावरही क्रामनिक पुन्हा त्याच वाटेने गेला, हे मला आजही कोडंच वाटतं.

आणि थेट कोलकात्याची एक चाल. १८४८ च्या सुमारास जॉन कॉक्रेन तिथे महेशचंद्र बॅनर्जींशी खेळत असे. पेट्रोव बचावात घोड्यावर हल्ला झाला, तर तो मागे न घेता कॉक्रेनने चौथ्याच चालीला राजाजवळचं प्यादं मारून घोडा देऊन टाकला. वेडेपणाच! पण १९९९ मध्ये लिनारेसला टोपालोवने हाच कॉक्रेन गँबिट क्रामनिकवर टाकला. पेट्रोवचा कसलेला जाणकार असूनही क्रामनिकला तो डाव जिंकता आला नाही, बरोबरीवर समाधान मानावं लागलं.