शर्करा ग्राही, व्हायरसांचे

कोशिकांच्या (पेशींच्या) पृष्ठभागावरील ज्या शर्करा रेणूंना चिकटून व्हायरस संसर्गास प्रारंभ करतात, त्या रेणूंना व्हायरसांचे शर्करा ग्राही म्हणतात. व्हायरसाला स्वतःचा चयापचय नसतो व कोशिकेत शिरल्याखेरीज त्याची वाढ होत नाही. म्हणून कोशिकेला चिकटणे ही संसर्गाची पहिली व अपरिहार्य पायरी होय. कोणता व्हायरस कोणत्या प्राण्याला व त्याच्या कोणत्या अवयवाला बाधा करील, हे पुष्कळ अंशी याच पायरीवर ठरते. सर्वच व्हायरसांचे ग्राही शर्करा नसतात, उदा., पोलिओचा व्हायरस एका प्रथिनाला चिकटतो. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः इन्फ्ल्यूएंझाच्या व्हायरसाचे विवेचन केले आहे. कारण शर्करा ग्राहींची कल्पना त्याच्याच अभ्यासातून दृढ झाली.

रासायनिक स्वरूप : मानवी कोशिकेच्या पटलातील प्रथिने व लिपिडे (स्निग्ध पदार्थ) यांना शर्करा एककांच्या शाखायुक्त साखळ्या जोडलेल्या असतात. त्या बाहेरच्या बाजूस दाट लवेसारख्या पसरलेल्या असतात. या साखळ्यांच्या टोकाशी पुष्कळदा सियालिक अम्ल असते. ग्लुकोजाच्या रेणूत सहा कार्बन अणू असतात, तर या अम्लधर्मी शर्करेत नऊ असतात. जी. ब्लिक्स या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये ते गुरांच्या लाळग्रंथीतील म्यूसिनापासून (श्लेष्म्यातील शर्करायुक्त प्रथिनापासून) स्फटिकरूपात मिळविले. ‘लाळ’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला हे नाव पडले. १९४१ मध्ये ई. क्लेंक यांनी मेंदूतील लिपिडांपासून मिळविलेले न्यूरामिनिक अम्ल याच कुलातील असल्याचे पुढे स्पष्ट झाले.

साखळीत सियालिक अम्लाच्या अलीकडे बहुधा गॅलॅक्टोज ही शर्करा असते. तिच्या तिसऱ्या कार्बन अणूला सियालिक अम्ल जोडलेले असल्यास त्या जोडणीला २-३ बंध आणि सहाव्या अणूला जोडलेले असल्यास २-६ बंध म्हणतात. बंधाच्या जागेतील या फरकाने साखळीच्या टोकाचा आकार बदलतो आणि व्हायरसाच्या दृष्टीने हा बदल निर्णायक ठरतो.

शोध : न्यूयॉर्क येथे जी. के. हर्स्ट हे कोंबडीच्या अंड्यातील भ्रूणात इन्फ्ल्यूएंझाचा व्हायरस वाढवीत असत. तो गोळा करताना रक्तवाहिनी फाटून द्रवात रक्त मिसळले, तर तांबड्या कोशिकांचे पुंजके होतात, असे त्यांना १९४१ मध्ये आढळले. या आविष्काराला रक्तसमूहन म्हणतात. एकच व्हायरस अनेक कोशिकांना चिकटून त्या एकमेकींस जोडतो, हे त्याचे कारण होय. हे मिश्रण ३७° से. तापमानास ठेवल्यास काही वेळाने व्हायरस सुटा होतो. तो ताज्या कोशिकांचे समूहन पुन्हा घडवू शकतो; परंतु आधी वापरलेल्या कोशिकांना नवा व्हायरस चिकटत नाही. यावरून व्हायरसापाशी ग्राही नष्ट करणारे एंझाइम (जीवरासायनिक विक्रिया घडविणारे प्रथिन) असावे, असे अनुमान हर्स्ट यांनी १९४२ मध्ये काढले.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे एफ्. एम्. बर्नेट व त्यांच्या सहकाऱ्यांना १९४६ मध्ये पटकीच्या जंतूंच्या गाळलेल्या द्रवातही असेच एंझाइम आढळले. हे एंझाइम साखळीच्या टोकाचे सियालिक अम्ल छाटून टाकते, हे ए. गॉटशाल्क यांच्या संशोधनाने निश्चित झाले. त्यांनी एंझाइमास न्यूरामिनिडेज हे नाव दिले. जो रेणू छाटल्यावर व्हायरस चिकटत नाही, तोच त्याचा ग्राही, असा निष्कर्ष यातून निघाला.

चिकटण्याची यंत्रणा : इन्फ्ल्यूएंझा व्हायरसाच्या पृष्ठावर सु. ३०० ते ५०० प्रथिनी काटे असतात. त्यांपैकी बहुसंख्य काटे हीमॅग्लुटिनिन या प्रथिनाचे असून बाकीचे न्यूरामिनिडेजाचे असतात. हीमॅग्लुटिनिनाची संरचना क्ष-किरणांच्या साहाय्याने १९८१ मध्ये आय्. ए. विल्सन, जे. जे. स्केहेल व डी. सी. वायली यांनी उलगडली. त्याच्या तीन एककांच्या टोकांशी प्रत्येकी एक उथळ खळगा असून त्यात सियालिक अम्ल बसते. या एकेका खळग्याची पकड फार दुर्बल असते. परंतु कपड्यांना लागलेल्या कुसळांप्रमाणे अनेक काटे एकाच वेळी गुंतल्याने एकूण पकड घट्ट होते. त्यानंतर कोशिका आपल्या पटलाची पिशवी करून व्हायरसास आत ओढून घेते. पिशवीतील अम्लता वाढताच हीमॅग्लुटिनिनाचा आकार बदलतो, व्हायरसाचे वेष्टन पिशवीच्या पटलाशी एकजीव होते आणि व्हायरसाची जनुके कोशिकेत उतरतात.

सुटण्याची गरज : ज्या शर्करेमुळे आत शिरणे शक्य होते, तीच बाहेर पडताना अडसर ठरते. नवे व्हायरस कोशिकेच्या पृष्ठावरील सियालिक अम्लाला व परस्परांना चिकटून तेथेच अडकून पडतील. शिवाय श्वसनमार्गातील श्लेष्म्यातही सियालिक अम्लयुक्त म्यूसिने विपुल असतात व ती आमिषासारखी व्हायरसास धरून ठेवतात. या दोन्ही ठिकाणी न्यूरामिनिडेज ही शर्करा छाटून वाट मोकळी करते. चिकटविणारे व सोडविणारे प्रथिन यांच्या कार्यात समतोल असणे व्हायरसास आवश्यक असते.

पोषक प्राण्याची निवड : जी. एन्. रॉजर्स व जे. सी. पॉलसन यांनी १९८३ मध्ये असे दाखविले की, मानवी व्हायरस २-६ बंधाची, तर पक्ष्यांचे व्हायरस २-३ बंधाची शर्करा पसंत करतात. पाणपक्ष्यांच्या आतड्यात २-३ बंध विपुल असतो; माणसाच्या नाक, घसा व श्वासनाल यांत २-६ बंध अधिक असतो. माणसाच्या फुप्फुसाच्या खोल भागात मात्र २-३ बंधही आहे, असे २००६ मध्ये आढळले. पक्ष्यांचा व्हायरस माणसाला क्वचित बाधतो, पण बाधल्यास गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो आणि खोकल्यातून तो सहजी पसरत नाही, याचा उलगडा यामुळे बराचसा होतो. हाँगकाँग येथे १९९७ मध्ये एच५एन१ या पक्षी-व्हायरसाने १८ जणांना बाधा झाली व त्यांपैकी ६ दगावले; परंतु साथ माणसांत फैलावली नाही. महाराष्ट्रात नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे २००६ मध्ये याच व्हायरसाने कोंबड्यांत मोठी साथ आली होती.

हा अडसर उंच असला तरी अभेद्य नाही. १९५७ व १९६८ या वर्षी जगभर पसरलेल्या साथींच्या व्हायरसांत हीमॅग्लुटिनिनाच्या खळग्यातील केवळ दोन ॲमिनो अम्ले (२२६ व २२८ या स्थानांवरील) बदलून पसंती २-३ कडून २-६ कडे वळली होती. अमेरिकेत २०२४ मध्ये एच५एन१ व्हायरस दुभत्या गाईंत पसरला. त्याच्या हीमॅग्लुटिनिनात २२६ व्या स्थानावरील एकच बदल ही पसंती पालटण्यास पुरतो, असे त्याच वर्षी प्रयोगशाळेत दिसून आले. मात्र माणसांत साथ पसरण्यास एवढा एकच बदल पुरेसा नसतो. व्हायरसाच्या अन्य प्रथिनांनाही मानवी कोशिकेशी जुळवून घ्यावे लागते.

इतर व्हायरस : सर्दी उत्पन्न करणारा ओसी४३ हा करोना व्हायरस सियालिक अम्लाच्या ॲसिटिलयुक्त प्रकाराला चिकटतो. नागीण गटातील हर्पीझ सिंप्लेक्स व्हायरस हेपारन सल्फेट या लांब शर्करा साखळीला चिकटतो. कोविड-१९ चा व्हायरस प्रथिन ग्राहीचा उपयोग करतो. तथापि हेपारन सल्फेट त्याला साहाय्यभूत होते. जुलाब-वांत्या घडविणारे नोरोव्हायरस रक्तगटांच्या शर्करांना चिकटतात. ज्यांच्या आतड्यात व लाळेत एच प्रतिजन ही शर्करा स्रवत नाही, अशा व्यक्तींना त्यांपैकी नॉरवॉक या व्हायरसाची बाधा होत नाही, असे २००३ मध्ये दिसून आले. वाय्. एम्. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये वर्णिलेल्या ‘बॉम्बे’ रक्तगटात याच प्रतिजनाचा तांबड्या कोशिकांवर अभाव असतो. आतड्यातील एच प्रतिजन मात्र वेगळ्या जनुकावर अवलंबून असतो.

उपचार व प्रतिबंध : शरीरातून सियालिक अम्ल काढून टाकून संसर्ग टाळता येणार नाही, ते निर्माण करू न शकणारे उंदराचे भ्रूण जगत नाहीत. म्हणून औषधांचा रोख व्हायरसाच्या सुटण्यावर असतो. झानामिव्हीर व ओसेल्टामिव्हीर ही १९९९ पासून वापरात आलेली औषधे सियालिक अम्लाच्या धर्तीवर रचलेली असून ती न्यूरामिनिडेजाच्या खाचेत बसून त्याचे कार्य थांबवितात. रोगलक्षणे दिसू लागल्यापासून ४८ तासांच्या आत ती दिल्यास अधिक गुण येतो. २००९ च्या साथीत पुण्यासह सर्वत्र ओसेल्टामिव्हीर मोठ्या प्रमाणावर वापरण्यात आले. त्यापूर्वी २००७-०८ मध्ये नेहमीच्या एच१एन१ व्हायरसात त्याला दाद न देणारे प्रकार पसरले होते.

लसीमुळे निर्माण होणारी अनेक प्रतिपिंडे (रोगप्रतिकारक प्रथिने) हीमॅग्लुटिनिनाच्या खळग्याभोवती बसून त्याची वाट बंद करतात. त्यांचे प्रमाण हर्स्ट यांच्या रक्तसमूहनावर आधारलेल्या कसोटीने आजही मोजले जाते व लसीसाठी व्हायरस निवडताना तिचा आधार घेतात. खळग्याच्या कडा मात्र सतत बदलत असल्याने लस वारंवार नव्याने तयार करावी लागते. पशुपक्ष्यांतील व्हायरसांवर पाळत ठेवतानाही त्यांची पसंती २-६ बंधाकडे झुकत आहे काय, हे आवर्जून तपासले जाते.