सामाजिक जबाबदारीच्या चित्रपटनिर्मितीचे प्रशिक्षण : फोगो बेटाचा अनुभव

प्रस्तावना

चित्रपटनिर्मितीचे शिक्षण म्हणजे कॅमेरा, ध्वनी, प्रकाशयोजना व संकलन यांचे शिक्षण, असा समज आपल्याकडे रूढ आहे. जनसंज्ञापनाचे अभ्यासक्रम महाविद्यालयांत सुरू झाल्यापासून प्रकल्प म्हणून माहितीपट तयार करण्याची प्रथाही पडली. या माहितीपटांचे विषय बहुधा ठरलेले असतात : कचरावेचक स्त्रिया, ऊसतोडणी कामगार, वीटभट्टीवरील मुले. विषय सामाजिक असला की चित्रपट आपोआप सामाजिक जबाबदारीचा होतो, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. त्यासाठी कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाने 1967 ते 1980 या काळात राबविलेल्या 'चॅलेंज फॉर चेंज' या उपक्रमाचा आधार घेतला आहे.

एका माहितीपटाने उभा केलेला प्रश्न

1939 साली स्थापन झालेल्या या मंडळाने 1967 मध्ये 'द थिंग्ज आय कॅनॉट चेंज' हा माहितीपट प्रसिद्ध केला. दिग्दर्शिका टान्या बॅलंटाइन यांनी माँट्रिआलमधील एका गरीब, मोठ्या कुटुंबाचे दैनंदिन जीवन त्यात चित्रित केले. हेतू निर्मळ होता व चित्रणात सहानुभूतीही होती. तथापि दूरचित्रवाणीवरून तो दाखविला गेल्यावर ते कुटुंब शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कुचेष्टेचा विषय झाले. आपली गरिबी साऱ्या देशाने पाहिली, ही भावना त्यांच्या वाट्याला आली. चित्रपटाची प्रशंसा मात्र इतरांच्या वाट्याला गेली. सहानुभूतीने केलेले चित्रणही अपाय करू शकते, हे मंडळाला या अनुभवातून उमगले. आपल्या विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगावी अशी ही गोष्ट आहे.

फोगो बेटावरील कार्यपद्धती

त्याच वर्षी दिग्दर्शक कॉलिन लो न्यूफाउंडलंडजवळील फोगो बेटावर गेले. बेटावरील मच्छीमारी खालावली होती, अनेक कुटुंबे सरकारी साहाय्यावर जगत होती आणि प्रांतिक सरकार लहान वस्त्या हलवून लोकांचे अन्यत्र पुनर्वसन करू पाहत होते. आपल्याकडील धरणग्रस्तांच्या प्रश्नाशी परिचित असलेल्या वाचकास या परिस्थितीचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको. मेमोरियल विद्यापीठाच्या विस्तार विभागाचे डोनाल्ड स्नोडेन या प्रयोगात सहभागी होते. एका विद्यापीठाचा विस्तार विभाग चित्रपटनिर्मितीत असा उतरू शकतो, हेही प्राध्यापकवर्गाने लक्षात घेण्याजोगे आहे.

लो यांच्या पद्धतीचा गाभा संकलनात होता. रूढ माहितीपटात एका विषयावरील अनेकांची मते तुकड्यातुकड्यांनी आलटूनपालटून जोडली जातात. त्यामुळे वादाला रंग चढतो. परंतु एकाच बेटावर राहणारी माणसे पडद्यावर परस्परांविरुद्ध उभी राहतात आणि संकलकाचे मत त्यांच्या तोंडी घातले जाते. लो यांनी हा मार्ग सोडला. एक व्यक्ती, एक प्रसंग किंवा एक विषय घेऊन त्यांनी 27 लहान चित्रपट तयार केले. ते प्रथम बेटावरच दाखविण्यात आले. स्वतःविषयीचा कोणताही भाग वगळण्याचा अधिकार बोलणाऱ्यास होता. लोकांच्या संमतीनंतरच ते चित्रपट सरकारपुढे गेले. मत्स्यव्यवसाय मंत्र्यांनी त्यास चित्रफितीवरच उत्तर दिले आणि ते उत्तर पुन्हा बेटावर दाखविण्यात आले. चित्रपट येथे पत्रव्यवहारासारखा वापरला गेला.

पुढे मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली व लोक बेटावरच राहिले. याचे सारे श्रेय चित्रपटांना देणे अतिशयोक्तीचे होईल. सुधारणेसाठी झटणारी स्थानिक समिती तेथे आधीपासून होती. शिवाय कॅमेरा व कात्री अखेर बाहेरून आलेल्या कलावंतांच्याच हाती होती, हा आक्षेपही रास्त आहे.

कॅमेरा कोणाच्या हाती?

या आक्षेपाचे उत्तर प्रशिक्षणात शोधले गेले. 1968 मध्ये मंडळाने आदिवासी तरुणांचे एक चित्रपथक तयार केले. या पथकाच्या सहभागातून 1969 मध्ये 'यू आर ऑन इंडियन लँड' हा मोहॉक लोकांच्या पूल-रोको आंदोलनावरील माहितीपट निर्माण झाला. त्यातील अग्रणी माइक मिचेल यांना दिग्दर्शक म्हणून अधिकृत श्रेय मिळण्यास 2017 साल उजाडावे लागले. कॅमेरा हाती देणे आणि श्रेय देणे यांत जवळजवळ अर्धशतकाचे अंतर पडले, ही बाब बोलकी आहे.

भारतातही याचे उदाहरण आहे. अहमदाबादच्या 'सेवा' संघटनेत 1984 मध्ये मार्था स्टुअर्ट यांनी तीन आठवड्यांची व्हिडिओ कार्यशाळा घेतली. शिकणाऱ्यांत असंघटित क्षेत्रातील कष्टकरी स्त्रिया होत्या. त्यांतील अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. तरीही त्या चित्रीकरण शिकल्या आणि 'व्हिडिओ सेवा' पुढे टिकून राहिली. चित्रपटाच्या शिक्षणाला अक्षरओळखीची अट नाही, हे त्यांनी सिद्ध केले; प्रवेशासाठी अटींची यादी करणाऱ्यांनी याचा विचार करावा.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर नागराज मंजुळे यांनी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील महाविद्यालयात संज्ञापनाचे शिक्षण घेतले व 2009 मध्ये 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. पदार्पणातील दिग्दर्शनासाठी त्यास राष्ट्रीय पुरस्कार लाभला. जे समाज आजवर केवळ 'विषय' होते त्यांतील विद्यार्थी आपल्या वर्गात बसलेले असतात, याचे भान येथे यावे.

महाविद्यालयीन प्रकल्पात काय बदलावे

प्रत्यक्षात फार थोडे बदल पुरेसे आहेत. संमतिपत्रावर एकदा सही घेतली की काम संपले, ही समजूत प्रथम सोडावी लागेल. संमती ही चित्रीकरणापूर्वी, कच्च्या संकलनानंतर व प्रदर्शनापूर्वी अशी पुनःपुन्हा घ्यावयाची असते. फोगोच्या काळी चित्रपटाच्या प्रती मोजक्या होत्या. त्या कोठे जातील हे ठरविता येत असे. आज आंतरजालावर टाकलेली चित्रफीत मागे घेणे जवळपास अशक्य आहे, म्हणून ती कोठे व किती काळ दाखविली जाईल हे बोलणाऱ्यास त्याच्या भाषेत सांगणे अधिकच आवश्यक ठरते. नकार देणाऱ्याचे चित्रण वगळल्यास विद्यार्थ्याचे गुण कमी होणार नाहीत, अशी लेखी तरतूद विभागाने करावी. अन्यथा परीक्षेच्या दडपणाखाली विद्यार्थी तो नकार ऐकणारच नाही.

समावेशकतेची दुसरी बाजू प्रेक्षकांची आहे. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने मार्च 2024 मध्ये चित्रपटगृहांतील चित्रपटांच्या सुगम्यतेविषयी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. कर्णबधिरांसाठी मथळे व दृष्टिहीनांसाठी श्राव्य वर्णन यांचा त्यांत समावेश आहे. दृश्याचे दोन वाक्यांत श्राव्य वर्णन लिहावयास लावणे हा विद्यार्थ्यांच्या निरीक्षणशक्तीचाही उत्तम व्यायाम आहे. त्यास वेगळा खर्च येत नाही.

अडचण वेळेची आहे. एका सत्रात विषयनिवड, चित्रीकरण व संकलन उरकावयाचे असल्याने वस्तीत परत जाऊन चित्रपट दाखविण्यास दिवस उरत नाहीत. यास्तव माहितीपटाची लांबी निम्म्यावर आणावी, मूल्यमापनातील काही गुण त्या प्रदर्शनासाठी राखून ठेवावेत आणि बहिःस्थ परीक्षकाने अंतिम प्रत पाहण्यापूर्वी वस्तीतील लोकांनी सुचविलेल्या बदलांची नोंद वाचावी.